लंगोट कधी सुटायचा, हे कोण ठरवतं?



वसंत ऋतू आला की आपल्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत प्रीस्कूलचा एक फॉर्म येऊन पडतो. लसीकरणाचा दाखला, ॲलर्जी, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा, असं सगळं विचारून झाल्यावर खाली एक ओळ असते: सप्टेंबरपर्यंत मूल 'पूर्णपणे पॉटी ट्रेन्ड' असलं पाहिजे. मूल तेव्हा असतं जेमतेम अडीच वर्षांचं. डिपॉझिट भरून झालेलं असतं आणि ते परत मिळणार नसतं. त्या एका जागेवर आईची किंवा बाबांची नोकरी टेकलेली असते.

मग तुम्ही डॉक्टरांना विचारता. त्या म्हणतात, घाई करू नका, मूल तयार झालं की आपणच सांगेल. आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी म्हणते, "अगं, अजून डायपर? तुझा नवरा वर्षाचा व्हायच्या आत सांगायला लागला होता."

शाळा म्हणते आत्ता, डॉक्टर म्हणतात थांबा, आजी म्हणते उशीर झाला. या तिघांपैकी खोटं कोणीच बोलत नाही. फक्त ही तीन मतं तीन वेगवेगळ्या काळांतून आली आहेत. मी धंद्याने आयटी कन्सल्टंट. कुठलीही अट समोर आली की ती कोणी, कधी आणि कशासाठी लिहिली हे आधी शोधायची सवय लागली आहे. आज या अटीचा इतिहास पाहू. आपण बहुतेक श्रोते अमेरिकेत आहोत, म्हणून गोष्ट मुख्यतः इथलीच.

सुरुवात करू १९१४ पासून. अमेरिकन सरकारचा चिल्ड्रन्स ब्यूरो १९१२ साली स्थापन झाला आणि दोनच वर्षांत त्याने 'इन्फंट केअर' नावाची पुस्तिका काढली. पुढच्या दशकांत तिच्या कोट्यवधी प्रती घरोघर गेल्या. त्या पहिल्या पुस्तिकेत बाळाला भांड्यावर बसवायची सुरुवात तिसऱ्या महिन्यापासून करावी असं सांगितलं होतं. तिसऱ्या वर्षी नव्हे, तिसऱ्या महिन्यात! आणि हे अगदी हळुवारपणे करावं, रागावू नये, असंही त्यात होतं.

एवढी घाई कशासाठी? त्या काळातलं घर डोळ्यांसमोर आणा. वॉशिंग मशीन नाही, बहुतेक घरांत नळाला गरम पाणी नाही. लंगोट हाताने धुवायचे, उकळायचे, थंडीत घरातच दोरीवर वाळवायचे. बाळ जितक्या लवकर भांड्यावर बसेल तितकी आईची सुटका लवकर. ही अट शाळेने घातलेली नव्हती, ती धुण्याच्या बादलीने घातलेली होती.

त्यानंतरच्या वीसेक वर्षांत या सल्ल्यातला हळुवारपणा गेला आणि घड्याळ आलं. मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांचं मुलांच्या संगोपनावरचं पुस्तक १९२८ साली आलं. मूल म्हणजे सवयींचं गाठोडं, आणि सवयी वेळापत्रकाने लावायच्या, असा त्यांचा आग्रह होता. सरकारी पुस्तिकेच्या त्या सुमाराच्या आवृत्त्याही कडक झाल्या. ठरलेल्या वेळी दूध, ठरलेल्या वेळी झोप आणि ठरलेल्या वेळीच शी. कारखान्यांचा काळ होता, त्याची शिस्त पाळण्यापर्यंत पोचली.

ही शिस्त किती मुरली होती, ते १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसतं. सीअर्स, मॅकोबी आणि लेव्हिन या संशोधकांनी बॉस्टन परिसरातल्या ३७९ आयांच्या मुलाखती घेतल्या. शीचं वळण लावायची सुरुवात सरासरी ११ महिन्यांच्या सुमारास होत होती आणि दीड वर्षाच्या आसपास ते पूर्ण होत होतं. म्हणजे आपली आजी जे सांगते ते काही फक्त आपल्या वाड्यातलं किंवा चाळीतलं नाही. तेव्हाच्या बॉस्टनमधली आजीही तेच सांगत होती.

पण तोवर वारं फिरायला लागलं होतं. १९४० साली मर्टल मॅग्रॉ या संशोधक बाईंनी एकसारख्या जुळ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. जुळ्यांपैकी एकाला तान्हेपणापासून दर तासाला भांड्यावर बसवलं. दुसऱ्याला बरंच उशिरापर्यंत तसंच राहू दिलं. शेवटी लघवीवर ताबा दोघांना साधारण एकाच सुमारास आला. जोड्या मोजक्याच होत्या, पण निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. मज्जासंस्था पिकायला वेळ लागतो, आणि आंबा दाबून पिकत नाही.

१९४६ साली डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं गाजलेलं पुस्तक आलं. आईबापांनो, स्वतःवर भरवसा ठेवा, मुलाशी लढाई करू नका, असा त्याचा सूर. फ्रॉइडच्या विचारांचाही प्रभाव होता. पाळण्यातल्या सक्तीचे ओरखडे मोठेपणी उमटतात, ही भीती शिकलेल्या आयांच्या मनात बसली होती.

आणि मग १९६२ साली मॅसॅच्युसेट्सचे बालरोगतज्ज्ञ डॉ. टी. बेरी ब्रेझल्टन यांचा लेख आला. दहा वर्षांत आपल्या दवाखान्यात पाहिलेल्या १,१७० मुलांची नोंद त्यांनी मांडली. पद्धत अशी: साधारण दीड वर्षाचं झाल्यावर मुलाला पॉटीची ओळख करून द्यायची, कपड्यांसकट बसू द्यायचं, नको म्हणालं तर काही आठवडे विषयच काढायचा नाही. या मुलांचं दिवसाचं वळण सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना पूर्ण झालं. आज तुमच्या डॉक्टर "तयारीची लक्षणं पाहा" म्हणतात, त्याचं मूळ इथे आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही याच वाटेने जातो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. उशीर झाला तो डायपर कंपन्यांमुळे, असं आपण सहज म्हणून जातो. पण ब्रेझल्टन यांनी पाहिलेली मुलं बहुतेक कापडी लंगोटातलीच होती. आधी विचार बदलला. बाजार मागून आला. मात्र आला तो जोरात आला.

एमबीए करताना ज्यांना मार्केटिंगमध्ये रस होता त्यांना ही गोष्ट आवडेल. मॅरियन डोनोव्हन या बाईंनी चाळीसच्या दशकात न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावरचं पाणी न झिरपणारं आवरण शिवलं. १९५१ साली त्यांना पेटंट मिळालं आणि त्यांनी ते दहा लाख डॉलर्सना विकलं. वापरून फेकून द्यायच्या कागदी डायपरची त्यांची कल्पना मात्र कोणा कारखानदाराने घेतली नाही. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतले व्हिक्टर मिल्स नावाचे केमिकल इंजिनिअर, नातवंडाचे लंगोट बदलून वैतागलेले, त्यांनी हाच विषय हाती घेतला. १९६१ साली इलिनॉयमधल्या पिओरिया शहरात पॅम्पर्सची बाजारात चाचणी झाली. किंमत एका डायपरला १० सेंट. लोकांना वस्तू आवडली, पण किंमत परवडेना. उत्पादन प्रचंड वाढवून ती जवळपास सहा सेंटपर्यंत उतरवली तेव्हा कुठे गाडी चालू लागली.

धुण्याची बादली घरातून गेली आणि तिच्याबरोबर घाईचं मूळ कारणही गेलं. वर डायपर इतका कोरडा राहू लागला की ओलं होण्याची अडचण मुलाला वाटेना आणि आईलाही वाटेना. १९८९ साली पुल-अप्स आले, चड्डीसारखे ओढून घालायचे. १९९८ साली पॅम्पर्सने आणखी मोठ्या मुलांसाठी सहा नंबरचा डायपर काढला आणि त्याच्या जाहिरातीत खुद्द डॉ. ब्रेझल्टन दिसले. त्यावरून वर्तमानपत्रांत वाद झडले. मानसशास्त्रज्ञ जॉन रोझमंड यांचं म्हणणं, हा सगळा लाड आहे, दोन वर्षांत मूल तयार व्हायलाच हवं. ब्रेझल्टन यांचं म्हणणं, घाईची खरी किंमत मूल मोजतं. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला तरी तो देणाऱ्याच्या मागे कंपनी उभी दिसली की लोकांच्या कपाळाला आठी पडणारच.

मध्येच एक उलटी वाटही निघाली होती. नेथन एझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी एक पद्धत तयार केली होती. तीच त्यांनी १९७४ साली सगळ्या आईबापांसाठी पुस्तकात आणली, आणि दिवसभराच्याही आत काम होईल असं शीर्षकातच सांगून टाकलं. पुस्तक लाखांनी खपलं. आज इंटरनेटवर 'लाँग वीकेंडमध्ये डायपरमुक्ती' असले जे सल्ले फिरतात, ते याच घराण्यातले.

एवढं झालं घराचं. आता शाळेकडे वळू, कारण खरी गाठ तिथे पडते.

अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन १८५६ साली विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन गावात मार्गारेटे शुर्झ या बाईंनी आपल्या घरात सुरू केलं. त्या जर्मनीतून आलेल्या होत्या आणि शाळा जर्मन भाषेत चालायची. आपल्या मराठी शाळा चालवणाऱ्या मंडळींनी ही नोंद जरूर जवळ ठेवावी. पुढे सरकारी शाळांनी किंडरगार्टन आपल्यात घेतलं ते मुख्यतः पाच वर्षांच्या मुलांसाठी. पाच वर्षांचं मूल लंगोटात असायचा प्रश्नच नव्हता, म्हणून तशी अट लिहायची गरजही कोणाला पडली नाही.

तीन वर्षांच्या मुलांच्या शाळा निघाल्या तेव्हा स्वच्छतेचा नियम मात्र आला. मारिया मॉन्टेसरी यांचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममधल्या एका गरीब वस्तीत उघडलं. तिथल्या नियमांत लिहिलेलं होतं की अंघोळ न केलेल्या, मळक्या कपड्यांतल्या मुलाला शाळेतून काढलं जाईल. त्याच शाळेत हातपाय धुण्याचे धडेही दिले जात, हे खरं. पण दारावरची अट आईसाठीच होती.

याच मॉन्टेसरींच्या विचारांनी भारलेल्या आपल्या ताराबाई मोडक. त्यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असं त्यांनी ठरवलं. मुलांना धुणं-पुसणं, नखं कापणं, केस विंचरणं हा त्यांच्या बालवाडीच्या दिवसाचाच भाग होता. 'स्वच्छ होऊन या' असं न म्हणता 'या, इथे स्वच्छ होऊ' असं म्हणणारी ती शाळा. दोन्हीकडे विचार एकच, फक्त अट दाराच्या कुठल्या बाजूला ठेवायची एवढाच फरक.

अमेरिकेनेही एकदा अट दाराआड ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीला बायका हव्या होत्या. तेव्हा १९४३ साली ओरेगनमधल्या पोर्टलंडला कायझर कंपनीने गोदीच्या दाराशीच पाळणाघरं उघडली. ती चोवीस तास चालत आणि दीड वर्षापासूनची मुलं घेत. आईचं काम देशाला हवं होतं तेव्हा मुलाचा लंगोट आड आला नाही. युद्ध संपलं आणि ती पाळणाघरंही बंद झाली.

पुढचे आकडे बोलके आहेत. १९६० च्या दशकाच्या मध्यावर इथल्या तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी साधारण दहा टक्के शाळेत जात. शतक संपेपर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेलं. आया नोकरीला लागल्या, १९६५ साली सरकारने हेड स्टार्ट सुरू केलं, आणि प्रीस्कूल ही चैन न राहता गरज झाली.

आता मनातल्या मनात एक आलेख काढा. एक रेघ वळण पूर्ण होण्याच्या वयाची. ती दीड वर्षावरून अडीच, आणि तिथून तीनकडे वर चढते आहे. दुसरी रेघ शाळेत जायच्या वयाची. ती पाचावरून तीन, आणि तिथून अडीचकडे खाली उतरते आहे. या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे तुम्ही हातात फॉर्म घेऊन उभे आहात. यात तुमचं काही चुकलेलं नाही, तुमच्या मुलाचं तर नाहीच नाही.

छेद किती तंतोतंत आहे पाहा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मिलवॉकीच्या अभ्यासानुसार, दिवसा कोरडं राहण्याचं मधलं वय मुलींसाठी साडेबत्तीस महिने आणि मुलांसाठी ३५ महिने होतं. म्हणजे निम्मी मुलं त्याआधी, निम्मी त्यानंतर. तिसऱ्या वाढदिवसाच्या एक महिना आधी निम्मे मुलगे अजून तयार नसतात. तरीही पावणेतीन वर्षांच्या मुलाकडून 'पूर्णपणे'ची अपेक्षा केली जाते. ऑफिसात कोणी असं टार्गेट दिलं असतं तर आपण तिथल्या तिथे आकडे पुढे सरकवले असते.

मग शाळा ही अट का घालते? मुलाच्या वाढीचं शास्त्र वाचून नव्हे. डायपर बदलायचं म्हणजे त्यासाठी वेगळी जागा, जवळ हात धुवायची सोय, दर वेळी निर्जंतुक पुसणं, आणि एक शिक्षिका तेवढा वेळ बाकीच्या मुलांपासून दूर. दोन वर्षांच्या मुलांच्या वर्गात एका शिक्षिकेमागे मुलं कमी ठेवावी लागतात, तीनच्या वर्गात जास्त चालतात. हा सगळा खर्चाचा हिशेब आहे, आणि छोट्या शाळांसाठी तो खराच आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण हिशेबाची अट ही मुलाच्या हुशारीची परीक्षा आहे असंही समजू नका. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी थ्री-के आणि प्री-के वर्गांना अशी अट नाही. तिथली मुलं काही निराळी नाहीत.

आता आजीकडे येऊ, कारण तिचं उत्तर राहिलंय. आपल्याकडे बाळाला पायांवर बसवून "शू ऽऽ" करायची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. १९७७ साली पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या आयाही पहिल्या काही आठवड्यांतच बाळाला पायांवर धरून असाच आवाज काढत, आणि चार-पाच महिन्यांत बाळ त्या इशाऱ्याला साथ देत असे. म्हणजे आजी थापा मारत नाही. पण त्यात बाळाबरोबर आईचंही वळण होतं. बाळाची चुळबुळ ओळखणारं कोणीतरी दिवसभर जवळ असायचं: आई, आत्या, मोठी बहीण. लादी पुसली की झालं, कार्पेट नव्हतं. प्रीस्कूलचं 'ट्रेन्ड' वेगळं आहे. मुलाने स्वतः ओळखायचं, परक्या माणसाला सांगायचं, चड्डी उतरवायची, पुसायचं, हात धुवायचे. एकाच शब्दाखाली ही दोन वेगळी कामं आहेत. सहा महिन्यांच्या व्हिसावर आजी आलेली असेल तर तिचं कसब जरूर वापरा, पण तुलना करताना हा फरक तिलाही समजावून सांगा.

आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी दोन गोष्टी येतात. पहिली भाषा. "शू आली" हे शिक्षिकेला कळत नाही. मूल सांगतं, कोणी उठत नाही, चड्डी ओली होते, आणि नोंद होते 'ट्रेन्ड नाही'. म्हणून पहिल्याच दिवशी तुमच्या घरचे दोन शब्द, शी आणि शू, इंग्रजी लिपीत कागदावर लिहून शिक्षिकेच्या हातात द्या. मुलाचे शब्द बदलायची गरज नाही. दुसरी गोष्ट पाणी. घरी आपण धुतो, शाळेत कागद असतो. पुसणं हे निराळं कौशल्य आहे, ते आधी घरी शिकवा. बटणांची पँट टाळा, इलॅस्टिकची घाला. आपोआप फ्लश होणारा कमोड काही मुलांना भुतासारखा वाटतो, तो एकदा शांतपणे दाखवून आणा.

शाळेला स्पष्ट विचारा: 'पूर्णपणे' म्हणजे नक्की काय? पुल-अप्स चालतील का? आठवड्यातून एकदा ओलं झालं तर काय? जागा थोडे महिने राखून ठेवता येईल का? उत्तरं फॉर्मपेक्षा बरीच मऊ निघतात. मुलाला अपंगत्व किंवा विकासातला उशीर असेल तर १९९० चा अपंग हक्क कायदा खाजगी पाळणाघरांनाही लागू होतो. जिथे लहान मुलांचे डायपर बदलले जातात, तिथे अशा मोठ्या मुलाचेही सहसा बदलावे लागतात. ब्रिटनमधल्या श्रोत्यांसाठी २०१० चा समानता कायदा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तारीख जवळ आली म्हणून रागावू नका, इतरांसमोर लाज काढू नका. घाबरलेलं मूल शी दाबून धरतं, दाबली की ती घट्ट होते, मग दुखते, आणि दुखली की मूल आणखी दाबतं. या चक्रातून बाहेर यायला कधीकधी महिने लागतात. तसं दिसलं तर पॉटी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना गाठा. २००३ सालच्या एका अभ्यासात दिसलं की २७ महिन्यांच्या आधी जोर लावून सुरू केलेलं वळण काही लवकर पूर्ण झालं नाही, ते फक्त जास्त दिवस चाललं.

शंभर वर्षांत ही तारीख तीन महिन्यांवरून तीन वर्षांवर गेली. आधी ती धुण्याच्या बादलीने ठरवली, मग घड्याळाने, मग दवाखान्याने, मग दुकानाने, आणि आता ती शाळेच्या हिशेबाने ठरते. मूल मात्र या सगळ्या काळात आपल्याच गतीने वाढत आलं आहे. फॉर्म जरूर भरा, शाळेशी बोला, तयारीही करा. फक्त त्या फॉर्मवरची तारीख आणि मुलाची किंमत या दोन गोष्टी एका रकान्यात लिहू नका.

तुमच्या घरी हे चालू असेल तर धीर धरा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.